कुठले पाचशे?

"पाचशे म्हणजे पाचशे," हेडली म्हणाला. पडद्यावर आकडा होता, आकडा हिरवा होता आणि हेडली डॉक्टर होता. दवाखान्यातला नव्हे, कागदावरचा.

मी विचारलं, "कुठले पाचशे?"

नदीपलीकडच्या साखर कारखान्यात मी एकोणीस हंगाम पॅनमन, म्हणजे पाक उकळायच्या कढईवर, होते. बाई असून पॅनमन, म्हणून सुरुवातीला लोक मुद्दाम बघायला यायचे. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, उजेडाकडे धरायचा आणि दाणा धरलाय की नाही ते सांगायचं. मीटर काहीही म्हणो. गुडघ्यांना तिथले जिने झेपेनात तेव्हा ते सोडलं आणि खाडीकाठच्या या शेवाळाच्या भट्टीवर आले.

काम सोपं आहे. तळ्यातलं हिरवं शेवाळ सुकवायचं, त्याची भुकटी पोलादी नळकांड्यात भरायची आणि हवा लागू न देता तापवायची. वाफ निघते, ती गार केली की काळं तेल मिळतं. कमी तापलं तर कोळसाच जास्त उरतो. फार तापलं तर तेलाचाही वायू होऊन जातो. मधली जागा पाचशे अंशांच्या आसपास. हे हेडलीला कळतं आणि मलाही कळतं, त्यावरून आमचं भांडण नव्हतंच.

भांडण असं, की तीन महिने पाचशेवर भट्टी चालवूनही तेल ठरल्याच्या निम्मंसुद्धा येत नव्हतं. प्रयोगाचा प्रमुख म्हणून हेडलीने त्यावरून लिहून टाकलं की या तळ्यांतलं शेवाळच कुचकामी. आज ब्रिस्बेनहून जोसेलिन नावाच्या वरिष्ठ बाई तळी बुजवायचा कागद घेऊन येणार होत्या. त्यांनी मान डोलावली की तळी बुजवणार आणि आम्ही अकरा जण घरी. ती तळी मी शेवाळाने भरलीत हो. कमरेइतक्या चिखलात उतरून, 'मगरींपासून सावध' या पाटीकडे पाठ करून. नोकरी गेली तर जाऊ दे, पण माझ्या शेवाळाला कुचकामी म्हणायचं नाही.

"हे बघ," मी उरलेला कोळसा बोटांत चोळून हेडलीसमोर धरला. "हिरवट आहे, तेलकट आहे. वास घे. आत कच्चं राहिलंय."

"ऑर्नेला, हे साखरेचं पातेलं नाही."

"तुझी तापमानाची तार टेकलीय कुठं? नळकांड्याच्या भिंतीला. पाचशे आहे ती भिंत. मधल्या भुकटीचं काय?"

"उष्णता आत जातेच."

"जाते रे. पण पोचते का?"

त्याने आजचा तक्ता पुढे सरकवला; दर भट्टीमागे असा एक भरायचा. रकान्यात लिहिलं होतं, 'भुकटीचं तापमान: ५००'. खाली माझ्या सहीची जागा. "सही कर, नाहीतर घरी जा. मला बाईंना आणायला टाउन्सव्हिलला जायचंय."

"घर रस्त्यापलीकडे आहे, दोन मिनिटांत पोचेन. सही मात्र करणार नाही."

"आणि मी येईपर्यंत भट्टीला हात लावायचा नाही," असं बजावून तो गाडीत बसला.

गाडी वळणाआड गेली तशी मी सेफोला हाक मारली. सेफो आमचा फिटर. मूळचा सामोआचा, दाराएवढा रुंद आणि माझ्याइतकाच म्हातारा.

"झाकणावरच्या त्या बुजवलेल्या भोकाचा बोल्ट काढ. लांब तार आत सोडू, बरोब्बर मध्यावर."

"म्हातारे, त्याने नको म्हटलंय."

"मला डाव्या कानाने कमी ऐकू येतं."

"तो उजव्या बाजूला उभा होता."

"सेफो, पाना आण."

नवी भुकटी भरली, भट्टी लावली. भिंतीच्या तारेने पाचशे दाखवले तेव्हा मधली तार सांगत होती चारशे अठरा. सेफो आपल्या भाषेत "ओका!" म्हणाला, म्हणजे अबब. मग मी आच वाढवत नेली. आत पाचशे झाले तेव्हा भिंत पाचशे अठ्ठ्याहत्तरवर होती. तेल असं आलं, की सेफोला दुसरी बाटली धरावी लागली. मी त्या बाटलीची पापीच घेतली असती, पण फार घाण वास येतो.

अकरा वाजता हेडली बाईंना घेऊन आला. त्याने दोन्ही आकडे बघितले, बाटल्या बघितल्या आणि दंड धरून मला बाजूला नेलं. चेहरा पांढराफटक.

"उत्तम झालं," तो हळूच म्हणाला. "यापुढे असंच चालवू. तळी वाचली, नोकऱ्या वाचल्या. जुने चाळीस तक्ते मात्र राहू देत. त्यांच्यावर तुझीही सही आहे, विसरू नकोस."

खरंच होतं ते. चाळीस वेळा मी पडद्यावरचा हिरवा आकडा बघितला होता आणि सही ठोकली होती. एकोणीस हंगाम डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही लिहिलं नाही, आणि इथे तीन महिन्यांत आंधळी झाले. मला स्वतःची लाज वाटली. आणि लाज वाटली की मी गप्प बसत नाही, उलट जास्त बोलते. उद्या दुसऱ्या कुठल्या खाडीवर कुणीतरी आमचे तक्ते वाचणार आणि आपली चांगली तळी बुजवून बसणार.

मी चाळीसही तक्ते उचलले आणि जोसेलिनसमोर टेबलावर ठेवले. "हे सगळे चुकीचे आहेत. तापमान भिंतीचं आहे आणि लिहिलंय भुकटीचं."

तिने चष्मा काढला. "हे रद्द केले तर तीन महिन्यांचं काम शून्य. कळतंय तुला?"

"कळतंय. पुन्हा चाळीस वेळा करू."

"आणि तोवर वर काय सांगू? कुणामुळे झालं?"

हेडली खिडकीबाहेर बघत होता. तारेची जागा त्याने ठरवली होती. पण त्याचं त्याने बोलावं. माझं मी बोलणार.

"लिही," मी म्हणाले, "की भट्टी चालवणाऱ्या बाईने चाळीस वेळा न बघता सही केली. शेवाळाचा काही दोष नाही. शेवाळ चांगलं आहे, हे आधी लिही."

जोसेलिनने तळी बुजवायचा कागद पिशवीतून काढलाच नाही. पेन उघडलं आणि मी सांगितलं तसं लिहायला लागली. माझं आडनाव तिला लिहिता येईना. तिने तीनदा विचारलं.

"स्क्विझातो," मी तिन्ही वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने, की खिडकीतला हेडली वळला.