पंधरा वर्षं पूर्ण

पत्र्याचं चार पाकळ्यांचं पान, नखाएवढं, आणि त्याला अडकवलेला लाल-पांढरा पिळाचा दोरा... ओतिलियाने ते तळहातावर घेतलं तेव्हा ते क्रिनाच्या खिशातल्या उबेने अजून कोमट होतं. एक मार्च. वसंताच्या स्वागताला आज गावातल्या प्रत्येक बाईच्या कोटावर कुणीतरी भेट दिलेला असा एखादा दोरा लटकत असणार. पण क्रिना दर वर्षी हेच पान आणायची, आणि दर वर्षी ओतिलियाला ते पत्र्याच्या रंगाचं न दिसता पांढरंशुभ्र दिसायचं, एक्स-रेच्या फिल्मवर धातू दिसतो तसं.

"बांधा की, डॉक्टरीणबाई. का यंदा कुणी देखणा आधीच देऊन गेलाय?"

"एकाहत्तराव्या वर्षी लोक दोरे देत नाहीत ग, गोळ्या देतात."

क्रिना खळखळून हसली. डाव्या हाताने तिने केकचा डबा दवाखान्याच्या टेबलावर सरकवला. उजवं मनगट पोटाशी धरलेलं होतं. ते महिनाभर ठणकत होतं, म्हणून आज त्याचा एक्स-रे फोटो काढून घेतला होता. आज तिचा वाढदिवसही होता. बावन्न, कागदावर.

कागदावर — सदतीस वर्षांपूर्वी अनाथगृहातून तिला इथे आणलं तेव्हा कागदच नव्हता. तिथल्या वहीत जन्मतारखेपुढे 'अंदाजे' एवढा एकच शब्द होता, आणि त्याच्यापुढे काही नाही. जिम्नॅस्टिक्सच्या प्रशिक्षकाला ती अनाथगृहाच्या कुंपणाच्या भिंतीवरून धावताना दिसली होती. मोठ्या स्पर्धेला पंधरा वर्षं पूर्ण हवीत, तेव्हा वय हाडांवरून ठरवायचं होतं. मुलगी यंत्राखाली हात ठेवेना. मग ओतिलियाने आपल्या कोटावरचा दोरा सोडून तिच्या मनगटाला बांधला — "मला?" असं तिने दोनदा विचारलं होतं — आणि फोटो घेताना तो काढायचा राहून गेला. फिल्मवर हाडांच्या शेजारी पान उमटलं. दुसरी फिल्म काढली, ती राजधानीला गेली. बाद झालेली ओतिलियाकडे राहिली. आजही ती याच टेबलाच्या खालच्या खणात होती.

तिच्यावर काय आहे ते ओतिलिया डोळे मिटून सांगू शकली असती. मनगटाशी हाडाचा दांडा आणि त्याचं टोक यांच्यामध्ये रुंद काळी फट, म्हणजे वाढ चालू. अंगठ्याच्या बुडाशी मुलींना अकराव्या-बाराव्या वर्षी तिळाएवढं हाड दिसू लागतं, त्याचा पत्ता नव्हता. वय फार तर अकरा. पण अर्धपोटी मुलं हाडांनी मागे पडतात, हेही खरं होतं, पुस्तकात होतं. म्हणून तिने दोन वर्षं मिळवली. मग राजधानीतून फोन आला. आवाज सभ्य होता, ओतिलियाच्याच तब्येतीची चौकशी करणारा... आणि तिने आणखी दोन मिळवली. 'पंधरा वर्षं पूर्ण.' तारीख कुठली लिहायची, तर समोरच्या कॅलेंडरवर एक मार्च होती.

"काल आमची सबिना बीमच्या लाकडावरून पडली," क्रिना सांगत होती. त्याच जुन्या व्यायामशाळेत आता ती लहान मुलींना शिकवायची. "अकरा वर्षांची आहे. आली नि माझ्या पोटात डोकं खुपसून रडायला लागली. मी म्हटलं, रड बाई, एवढीशी तर आहेस. आणि मग माझीच मला लाज वाटली बघा. मी पंधराची होऊन रडायचे! 'घोडी झालीस, लहान पोरींसमोर रडतेस?' सर म्हणायचे ते काय चूक होतं? सगळ्यांत मोठी मी, आणि अंथरूण ओलं करणारीही मीच."

ती हसली. ओतिलियाने पान उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं.

"एक विचारू? तुम्ही माझी हाडं पाहिली होती... तेव्हा खरंच पंधरा होती का हो?"

"जुन्या फिल्म कधीच टाकून दिल्या ग आम्ही."

प्रश्न फिल्मचा नव्हता. दोघींनाही ते कळलं असावं, कारण क्रिनाने एकदम डबा उचलला. "जाऊ दे. कांस्यपदक तर आणलं ना मी! एक्स-रेवाल्या वेताला केक देते, नाहीतर रुसेल." ती बाहेर गेली.

कांस्य... त्या संध्याकाळी इमारतीतले सगळे एकाच घरात टीव्हीसमोर जमले होते, ओव्हरकोट घालूनच, कारण घरं ऊबदार ठेवणारे गरम पाण्याचे नळ महिनाभर गार होते. तळमजल्यावरच्या माणसाशी कुणी बोलत नसे. बोललेलं कुठे पोचतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. त्या संध्याकाळी त्याने ओतिलियाचे दोन्ही गाल चुंबले आणि तिनेही त्याचे. दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत माणसं एकमेकांकडे तोंड करून उभी होती. 'आपली क्रिना.' चार बोटं रुंद लाकडावर ती मुलगी अख्खं गाव तोलून उभी राहिली होती, आणि रांगेत ओतिलियाला ओरडून सांगावंसं वाटलं होतं — 'ती चार वर्षं माझी आहेत!' मी घाबरून ते वय लिहिलं, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. नुसती भीती असती तर बरं होतं. मी खूष होते.

तिने खण उघडला. फिल्म खिडकीशी धरली. कडांनीच धरली, नेहमीसारखी, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की सदतीस वर्षांत तिच्यावर बोटाचा एक ठसा नाही, एक ओरखडा नाही. दर वर्षी ती नवा पातळ कागद घालत आली होती. हे आपण प्रायश्चित्त म्हणून जपतो, असं तिला वाटायचं... असं तर लोक पदक जपतात.

"बावन्न कसली ग तू?" बाहेर वेता ओरडत होती. "पन्नासचीही दिसत नाहीस. तुझ्या कागदातच घोटाळा असेल!"

"असेल बाई! केक खा तू."

आजच्या अहवालाचा कागद समोर होता. नाव लिहून झालं होतं. 'वय'पुढची जागा रिकामी. ओतिलियाने पेन उचललं, ठेवलं. फिल्म अजून डाव्या हातात होती, आणि दाराबाहेर क्रिनाचं हसू जवळ येत होतं. हे उघडकीला येईल, अशी भीती तिने इतकी वर्षं ओळखीची करून घेतली होती. ती आता शोधूनही सापडेना. तिच्या जागी दुसरीच एक भीती होती, लहान, हट्टी, अंगठ्याच्या बुडाशी घट्ट धरून बसलेली — ही फिल्म आता आपल्या हातातून क्रिनाच्या हातात जाईल.