दगडाखालची पोकळी

शेवटचा दगड बसवून फरशीवाल्याने त्यावर लाकडी हातोडीचा ठोका मारला आणि कान खाली नेला. आवाज भरीव आला. तो चारही कोपऱ्यांवर ठोकत गेला. कुठेच पोकळ वाजलं नाही, तेव्हा त्याने हातोडी बाजूला ठेवली आणि ओल्या फडक्याने सांध्यांवरचं सिमेंट पुसायला घेतलं. जन्मभर त्याने दगडाखालची पोकळी भरण्याचंच काम केलं होतं.

अंगणातल्या भिंतीला टेकून बाक तयार झाला होता. बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात तिचा फोटो होता, पण फोटोसमोर बसणं त्याला जमत नसे. हात रिकामे राहिले की त्याचा जीव घाबरा होई. म्हणून त्याने हे काम काढलं होतं. दगड तिच्या टेकडीवरचे. त्या टेकडीवर ती उन्हातान्हात पाली मोजत फिरायची. "बायको पाली मोजते, नवरा फरशा," असं सोबतचे कारागीर चिडवायचे, आणि तोही हसायचा. तिच्या टेकडीचा दगड तिच्या अंगणात यावा, एवढंच त्याच्या मनात होतं.

फाटक वाजलं. लेक आली. आईचं काम आता तीच बघत होती. ती तशीच नळापाशी गेली, तोंडावर पाणी मारलं.

"बाबा, सत्यानाश झालाय वर."

"काय झालं?"

"दगड उचलून नेलेत कुणीतरी. उन्हाच्या बाजूचे, सपाट, नेमके चांगले चांगले. सगळा उतार ओकाबोका झालाय. आणि उद्या साहेब पाहणीला येणार."

पाहणीचं त्याला माहीत होतं. टेकडीच्या पलीकडे खडीची खाण होती आणि खाणवाल्याला ही बाजूही हवी होती. कातळावरची ती बोटभर पाल आणखी कुठे सापडत नव्हती. ती इथे अजून नांदते आहे हे वनखात्याच्या साहेबांना दिसलं, तर टेकडी वाचणार होती. नाही दिसलं, तर सुरुंग. आजारपणात अंथरुणावर पडल्या पडल्या बायको याच पाहणीची वाट बघत होती.

"दगडच गेलेत ना नुसते?" तो म्हणाला. "पाली काय, दुसऱ्या दगडाखाली शिरतील."

लेक त्याच्याकडे बघत राहिली.

"आई इतकी वर्षं काय सांगत होती, बाबा? दगडाखाली बारीकशी फट लागते त्यांना. वरून ऊन, आत गारवा. जाड दगड लवकर तापत नाही, पातळ असला तर भाजून काढतो. असा बेताचा, खाली पोकळ असलेला दगड शोधून सापडत नाही. आणि अंडी त्या दगडाच्या पोटालाच चिकटवतात. पांढरी, वाटाण्याएवढी. दगड गेला म्हणजे सगळं गेलं."

आई सांगत होती, हे खरंच होतं. जेवताना सांगायची, कपड्यांच्या घड्या घालताना सांगायची. तो 'हं, हं' करायचा.

फरशीवाल्याने फडकं बादलीत पिळलं. परत बुडवलं, परत पिळलं.

दगडांच्या खालच्या अंगाला पांढरे टिपके होते. चुन्याचे असतील असं समजून त्याने ते तारेच्या ब्रशने घासून काढले होते, सिमेंटने नीट धरावं म्हणून. त्यातले काही ओले निघाले. तेव्हा मनात पाल चुकचुकली होती खरी, पण हात थांबला नव्हता.

"खाणवाल्याचंच काम आहे हे," लेक म्हणाली. "उद्या साहेबांसमोर त्याच्या माणसाला तोंडावर विचारते." मग तिची नजर बाकाकडे गेली. "अगं बाई, झालासुद्धा?" तिने कडेवरून हात फिरवला. "आईला आवडला असता. दगड कुठले हो?"

त्याने वरचं शेवाळ खरवडलं होतं, कडा छाटल्या होत्या. टेकडीने स्वतःचा दगड ओळखला नसता, इतके ते साफ झाले होते.

"बाजारातले," तो म्हणाला.

ती बसायला गेली.

"ओलं आहे अजून," तो घाईने म्हणाला. "बसू नकोस."

दुसऱ्या दिवशी तोही टेकडीवर गेला. "आज कधी नव्हे ते?" असं लेकीने विचारलं. त्याने चपला पायात सरकवल्या. बायको 'चला की एकदा' म्हणायची तेव्हा त्याचे गुडघे दुखायचे. दगड आणायला मात्र हेच गुडघे हातगाडी घेऊन वरखाली करत होते.

उतारावर जागोजाग फिकट खुणा उघड्या पडल्या होत्या. साहेब वाकून उरलेले दगड जरा उचलून बघत आणि होते तसेच ठेवत. एकाखाली मुंग्या निघाल्या, दुसऱ्याखाली नुसती माती. खाणीचा मुकादम हाताची घडी घालून मागून चालला होता.

"दिसत नाहीत हो कुठे," साहेब म्हणाले.

"दिसणार कशा?" लेक मुकादमाकडे वळली. "काका, पाहणीच्या तोंडावर त्यांची घरंच उचलून नेलीत. जनाची नाही, मनाची तरी?"

मुकादम रागावला नाही. हसला.

"ताई, आम्हाला काय, कुणीही यावं आणि टपली मारून जावं. पण आम्ही पडलो सुरुंगवाले. आमच्या हातून दगडाचा भुगा होतो." तो एका खुणेपाशी उकिडवा बसला. "हे बघा. पहार लावल्याची खूण नाही. खालून पाचर सरकवून, तान्हं मूल उचलावं तसा उचललाय. कारागिराचा हात आहे हा. असा माणूस मिळाला तर आज कामावर ठेवीन मी."

लेक त्या खुणेकडे बघत राहिली. मग तिची नजर वर आली, बापाच्या हातांवर थांबली आणि लगेच खाली गेली. त्याच्या नखांच्या कडांना सिमेंट होतं.

"मग नेले कुणी?" साहेबांनी विचारलं.

"आम्हीच," लेक म्हणाली. "म्हणजे मीच. मोजणीसाठी हलवले होते. परत ठेवायचे राहिले."

"तुम्ही?" साहेब सरळ उभे राहिले. "आईंनी जपलेल्या जागेवर?"

"चूक झाली."

तिचे कान लाल झाले होते. लहानपणी बरणी फुटली तरी कुणी विचारायच्या आत 'मी फोडली' म्हणून सांगत यायची. खोटं बोलायचा सराव नव्हता तिला. मुकादमाचं हसू रुंद झालं. साहेब नुसतेच मान हलवत होते. आता या मायलेकींच्या मोजणीवर कोण विश्वास ठेवणार होतं?

फरशीवाला पुढे झाला.

"पोरीचं ऐकू नका साहेब. दगड मी नेले."

"बाबा, गप्प बसा."

"कालच गप्प बसलो." तो साहेबांशीच बोलत राहिला. "दगड मी नेले. त्यांच्या पोटाला चिकटलेली अंडीही मीच खरवडली. हिला आत्तापर्यंत काही माहीत नव्हतं. हिचं काम चोख आहे, हिच्या आईचंही चोख होतं. काय ठपका ठेवायचा तो माझ्यावर ठेवा."

मुकादमाने हाताची घडी सोडली.

"पण कशासाठी, आजोबा?" साहेबांनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

बायकोचं नाव त्याच्या ओठांवर आलं. ते घेतलं असतं तर साहेबांचा चेहरा निवळला असता, कदाचित लेकीचाही. त्याने ते गिळलं.

"बसायला," तो म्हणाला.

साहेबांनी वहीत तसं टिपलं. मग ते पुढच्या दगडाकडे वळले, आणि लेक त्यांच्यामागून गेली.