मासोळीचा गळ

गळाला शिसं किती लावायचं हे माझ्या नवऱ्याच्या, इस्तारीच्या, तळहाताला कळत असे. तराजू त्याने कधी हातात धरला नाही. आम्ही ढिवर, वैनगंगेच्या काठचे मासेमार. इस्तारी तीन आकडे पाठीला पाठ लावून बांधायचा, ओल्या मातीत बोटाने खळगा करून त्यात वितळलेलं शिसं ओतायचा, आणि गळ हातावर झेलून म्हणायचा, "चंदा, आजून जरासं कमी पाह्यजे."

मासोळीचा गळ हलका. तो तळापासून वीतभर वर लोंबकळतो आणि दोरीला झटका दिला की आमिष नसतानाही मासा अडकतो. बुडालेल्या माणसासाठी मात्र जड गळ लागतो, तळाशी घासत जाणारा. तो एकदा पाण्यात सोडला की माणूस सापडो न सापडो, नदीलाच देऊन यायचा, घरी आणायचा नाही. आसपासच्या गावांत कोणी बुडालं की बोलावणं इस्तारीलाच येई. त्याचा मला गर्व होता, खोटं कशाला बोलू?

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सालची गोष्ट. पोळा होऊन पंधरा-वीस दिवस झाले होते. माझा धाकटा दीर सोमाजी सकाळी डोंगा घेऊन गेला. दुपारी डोंगा डोहात उलटा सापडला आणि सोमाजी सापडला नाही.

त्याची बायको गोकुळा काठावर बसली ती उठेना. भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, थेट बोलायची आमच्यात रीत नाही, म्हणून पदर पुढे ओढून ती मला म्हणाली, "बाई, त्यायले सांगा, मले फक्त एकडाव त्याचं तोंड पाहू द्या. बाकी काई नाई मांगत."

इस्तारीने ऐकलं. दोन दिवस तो डोहात गळ फिरवत राहिला. हाताची सालटं निघाली, पण दोरी रिकामीच वर येत होती.

दुसऱ्या दिवशी सांजेला त्याला भाकर द्यायला मी काठावर गेले. गळ बाजूला ठेवावा म्हणून उचलला. गळ हलका होता.

"हा तं मासोळीचा गळ हाये," मी म्हटलं.

त्याने भाकर परत फडक्यात गुंडाळली.

"दोन दिस तुमी ह्याच गळानं पाहून राह्यले? काऊन?"

"जड गळ बांधाले बसलो होतो," तो म्हणाला. "शिसं ओतलं तं सोम्या मेला, असं वाटलं. हात उचललाच नाई, चंदा. वाटे, कुठी तरी झाडाले धरून असन."

ज्याने शंभर घरांची मडी काढली त्याची ही अक्कल! मला त्याचा संतापही आला आणि कीवही आली. घरी जाऊन मीच चूल पेटवली, शिसं वितळवलं, जड गळ ओतला.

त्याच रात्री वरच्या अंगाला पाऊस झाला आणि सकाळी नदी दोन हात चढलेली होती. तरी इस्तारीने जड गळ सोडला. तिसऱ्याच फेरीला तो तळाच्या बुडीत झाडात अडकला. जोर करून ओढला तेव्हा वर सोमाजीचा पंचा आला, फांदीला गुंडाळून फाटलेला. दोन दिवस सोमाजी तिथेच होता. रात्रीच्या लोंढ्याने त्याला नेलं. तो हलका गळ त्याच्यावरून वीतभर उंचीने किती वेळा गेला असेल, हे मोजायची माझी हिंमत नाही.

इस्तारीने जड गळ तिथेच नदीला दिला. सोमाजीच्या जागी पळसाच्या पानांचा माणूस करून आम्ही त्याला अग्नी दिला. त्या पानांना तोंड नव्हतं.

दहाव्याला गोकुळा आमच्या अंगणात आली. वळचणीला हलका गळ टांगलेला होता. त्याच्या दोरीला डोहाचा काळा गाळ वाळून बसला होता. ती ढिवराचीच लेक. तिने गळ काढून तळहातावर तोलला.

"बाई, हा गळ डोहात गेला होता?"

खोटं बोलायला मी काही लाजणारी बाई नव्हे. पण मी दाराकडे पाहिलं. इस्तारी दारात उभा होता. तोच म्हणाला, "हो. दोन दिस हाच टाकला."

गोकुळाने डोक्यावरचा पदर मागे सारला. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"नदीले देऊ नका, भाऊ," ती थेट त्याला म्हणाली. "मेलेल्यासाठी टाकलाच नोयता ना? मंग इथीच राहू द्या. रोज दिसला पाह्यजे तुमाले."

तिने गळ होता तिथे टांगला आणि पदर घेऊन निघून गेली.

तो अजून तिथेच आहे. इस्तारीने पुन्हा गळ बांधला नाही. दारातून येता-जाता तो त्या गळाखालून मान वाकवून जातो. गळ तेवढा खाली नाही आणि इस्तारी काही उंच नाही.