रेषेवरची लेक

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांना चूक कबूल करण्याचं वावडं होतं. शिकाऊ माणसाने गाडी खांबावर घातली तर चूक त्याची, मास्तरांनी घातली तर खांबाची. आजही स्टेडियमशी पोचल्यावर "गेट इकडेच" म्हणत त्यांनी बायकोला भर उन्हात अख्खी प्रदक्षिणा घडवली, आणि गेट निघालं ते सुरुवात केली तिथेच. "तेवढेच पाय मोकळे झाले," ते म्हणाले. बायकोने नुसतं बघितलं. तिचं बघणं पुरेसं बोलकं होतं.

बाकीचे लोक खेळाडूंना बघायला आले होते, हे दोघं लेकीला. टेनिसच्या या स्पर्धेत अजून यंत्रं नाही, माणसंच रेषा बघत, आणि लेक रेषापंच होती. मागच्या रेषेशी उभं राहायचं, चेंडू बाहेर पडला तर ओरडायचं, आत पडला तर गप्प बसायचं. आठवडाभर लहान कोर्टांवर काम केल्यावर आज तिला पहिल्यांदा मोठं कोर्ट मिळालं होतं, तेही उपांत्य सामन्यात. आज निभावलं तर उद्या अंतिम सामना. "हात करायचा नाही, हाक तर मुळीच मारायची नाही," असं तिने दोघांनाही बजावलं होतं.

मास्तरांना हे काम कधीच पटलं नव्हतं. "बँकेत लागली असतीस तर पंख्याखाली बसून पगार घेतला असतास. लोकांच्या शिव्या खायला उन्हात कोण उभं राहतं?" हे पालुपद घरात रोजचं होतं.

सामना सुरू झाला आणि मास्तर बघतच राहिले. सगळ्या माना चेंडूबरोबर डावीउजवीकडे फिरत होत्या. लेकीची मान मात्र हलत नव्हती. गुडघ्यांवर हात ठेवून ती वाकायची आणि नजर रेषेवर रोवायची. चेंडू अंगावर सुसाट आला तरी पापणी लवत नव्हती. घरी समोर ठेवलेली किल्ली न सापडणारी ती हीच का, असं मास्तरांना वाटलं. त्यांचा ऊर भरून आला.

चेंडू रेषेजवळ पडला की सवयीने त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबायचा. ब्रेकच्या जागी पुढच्या गृहस्थांची खुर्ची होती. ते दोनदा मागे वळले.

सेट संपायला एक गुण उरला होता. दोघांतल्या उंच खेळाडूने जीव खाऊन फटका मारला. चेंडू रेषेवर धूळ उडवून गेला.

"आउट!" लेक ओरडली.

आणि लगेच तिने हात सरळ वर केला. "करेक्शन!"

मास्तरांचा पाय खुर्चीवर आदळला. पुढचे गृहस्थ कळवळले. "अहो काका, काय चाललंय?"

"ती चुकली का हो?" बायकोने घाबरून विचारलं.

"चुकली हो," गृहस्थ पाठ चोळत म्हणाले. "आणि तिने स्वतःच सांगितलं. चेंडू आत होता. आता हा गुण पुन्हा खेळवणार."

लोक हुर्यो करू लागले. उंच खेळाडूने रॅकेट आपटली, पुन्हा खेळवलेला गुण गमावला आणि लेकीकडे खाऊ की गिळू असं पाहिलं. गेला अंतिम सामना, मास्तरांना वाटलं. गप्प राहिली असती तर कदाचित खपूनही गेलं असतं. पण लेक पुन्हा वाकली, गुडघ्यांवर हात, नजर रेषेवर. हजारो लोक आपल्यावर ओरडताहेत आणि आपण पुढचा चेंडू बघायचा! त्यांना स्वतःला जमलं नसतं. पुढे सामना संपेपर्यंत तिचा एकही निर्णय हलला नाही.

संध्याकाळी ती बाहेर आली. चेहरा उन्हाने लाल झाला होता, पण हसत होती.

"उद्याही मीच, त्याच रेषेवर! मुख्य पंचबाई म्हणाल्या, चुकतात सगळेच, पण तू कुणी विचारायच्या आत सांगितलंस." मग तिने बाबांकडे पाहिलं. "बघा, खाल्ल्या शिव्या. बोला आता बँकेचं."

मास्तरांनी भर रस्त्यात हात सरळ वर केला, अगदी तिच्यासारखा. बायकोला वाटलं, रिक्षा थांबवताहेत.

"करेक्शन," ते म्हणाले. "बँकेचं चुकलं माझं. तू त्या रेषेवरच शोभतेस बाळा."

लेकीने त्यांचा तो वर केलेला हात खाली ओढून घट्ट धरला. बायकोने डोळे पुसले आणि संधी साधली.

"आणि सकाळच्या गेटचं काय?"

"एका दिवसात एकच," मास्तर म्हणाले आणि भलत्याच दिशेला चालू लागले.