सहा नंबर

ओनोदेराने दारातच बुटांवरचा बर्फ झटकला आणि मिझुएचं कोपर धरून तिला गर्दीतून पुढे काढलं.

"सोडा हो, ओनोदेरासान. अजून आंधळी झालेली नाही मी."

"पायऱ्या ओल्या आहेत, वहिनी."

"मग आधी तुमचा गुडघा सांभाळा."

त्याने कोपर सोडलं. इतकी वर्षं हाका मारल्यावर ती आज आली होती, तेवढ्यावर भांडण नको होतं. नवरा गेल्यापासून मिझुए हेरॉन्सचं, गावच्या बास्केटबॉल संघाचं, नाव निघालं की टीव्ही बंद करायची. आज आली ती एकाच बोलीवर. संघाला वीस वर्षं झाली म्हणून सामन्याआधी मोठ्या पडद्यावर संघाचा इतिहास दाखवणार होते, आणि त्यात नुमाता शिनसाकु असणार होता. तिचा नवरा. ओनोदेराने क्लबच्या ऑफिसात जाऊन स्वतःच्या हाताने फोटो दिला होता. तिथल्या टायवाल्याने तो दोन्ही हातांनी घेतला आणि कमरेतून वाकला. वाकायला काही पैसे पडत नाहीत.

खरा इतिहास ओनोदेराला कोणी विचारला असता तर त्याने उभ्या उभ्या सांगितला असता. हामाझाकीत कागदाचा कारखाना होता, कारखान्याचा संघ होता. सकाळी यंत्रावर, दुपारी जिममध्ये. संघ देशात तिसरा आला त्या वर्षी मोठ्या साहेबांनी पोरांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतले. धंदा बसला त्या वर्षी त्याच साहेबांनी जिमला कुलूप ठोकलं. निरोपाला आले नाहीत, चहासुद्धा पाजला नाही. मग त्या संघातले शिनसाकु आणि ओनोदेरा दारोदार हिंडले. मासळीवाले, न्हावी, दंतवैद्य, दारूची दुकानं. कारखान्याचा नको, गावाचा संघ करू, व्यावसायिक करू, पगार देऊन खेळाडू आणू. लोक आधी हसले, मग ऐकायला लागले, मग हो म्हणाले. संघ उभा राहिला आणि शिनसाकुचं पोट दुखायला लागलं. पहिला सामना त्याने पाहिला नाही.

आतल्या मोठ्या दालनात पोचताच मिझुए थांबली. जिकडेतिकडे निळ्या जर्सी. म्हाताऱ्यांच्या अंगात, बायकांच्या अंगात, बापाच्या कडेवर झोपलेल्या लेकराच्या अंगात. सगळ्यांच्या पाठीवर एकच आकडा, सहा.

"हा तर ह्यांचा नंबर," ती म्हणाली.

ओनोदेराने खरं तेव्हाच सांगायला हवं होतं. बास्केटबॉलच्या मैदानात पाच उतरतात, सहावा प्रेक्षक. म्हणून सहा नंबर खेळाडूला द्यायचा नाही, प्रेक्षकांसाठी ठेवायचा, ही पुष्कळ क्लबांची रीत. हेरॉन्सने ती उचलली एवढंच. ठरवणाऱ्यांना शिनसाकु कोण, काळा की गोरा, ठाऊक नव्हतं.

मिझुए त्याच्याकडे बघत होती. तिच्या चष्म्यावर बाहेरच्या थंडीची वाफ धरली होती आणि ती पुसायचं तिला भान नव्हतं.

"हो," तो म्हणाला. "त्याचाच."

जागा वरच्या रांगेत होती. शेजारी हिराका न्हाव्याची नात कोनात्सु आधीच येऊन बसली होती. दवाखान्यात नर्स, केस पिवळे रंगवलेले, मांडीवर तळलेल्या चिकनचा पुडा. खाली पाहुण्या संघाचा एक उंच खेळाडू सराव करत होता.

"ए विजेच्या खांबा," ती ओरडली, "तुझ्या गावात अंधार झालाय, घरी जा." मग तिने पुडा पुढे केला. "घ्या ओनोदेरा आजोबा. आजी, तुम्ही पण घ्या. तिखट नाहीये."

दिवे मालवले. पडदा उजळला. आधी कारखान्याची धुरकट चिमणी दिसली, खाली एक ओळ: पूर्वी एका कारखान्याच्या संघापासून. ती वाचून होते न होते तोच चिमणी गेली आणि ढोल वाजायला लागले. पहिला हंगाम, नऊ विजय, बाकी सगळे पराभव. पराभव बारीक अक्षरात. मग कुठल्याशा अमेरिकन खेळाडूचं हवेत उडणं. खालच्या श्रेणीत घसरण, एका वाक्यात. पुन्हा वर चढल्याच्या रात्रीचे अश्रू, ते मात्र सावकाश. गेल्या वर्षीची उपांत्यपूर्व फेरी. निळा कागदी चुरा. संपलं.

दिवे लागले. टाळ्या पडल्या. ओनोदेरा उभा राहिला होता.

"कुठे निघालात?" मिझुएने विचारलं.

"त्या टायवाल्याला विचारून येतो, चिमणी कुठल्या जागेवर खेळायची म्हणून."

"आजोबा, खाली बसा ना," कोनात्सु म्हणाली. "मागच्यांना दिसत नाहीये. काचेचे आहात का तुम्ही?"

"बसा," मिझुए म्हणाली. "फोटो नाही तर नाही. नंबर तर ठेवलाय ना सगळ्यांनी." आणि वाकून तिने कोनात्सुच्या पाठीवरून हात फिरवला, इस्त्री नीट झालीय का बघावं तसा. "हा माझ्या नवऱ्याचा नंबर, माहीत आहे का गं तुला?"

ओनोदेराने कोनात्सुच्या बुटावर बूट दाबला.

"पाय का देताय, आजोबा? नाही हो आजी. मैदानात पाच जण, सहावे आपण प्रेक्षक, बूस्टर. म्हणून सहा. दुसऱ्या गावांतही असंच असतं." मग तिने दोघांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हातातला तुकडा पुड्यात परत ठेवला. "मी काही चुकीचं बोलले का?"

"बोललीस," ओनोदेरा म्हणाला. त्याचा आवाज चढला, पुढच्या रांगेतली डोकी वळली. "तुझ्या आजोबाच्या दुकानासमोर यांचा नवरा बर्फात उभा राहिला होता. आमच्या पाचांतला सगळ्यात चांगला खेळाडू. तो नसता तर आज तू इथे कोणाच्या नावाने ओरडली असतीस?"

"कुठल्या पाचांतला?" मिझुए म्हणाली.

तो खाली बसला.

"हे पाचांत कधी होते, ओनोदेरासान? बाकावर असायचे. कोणी बाहेर आलं की टॉवेल द्यायचे. तुम्ही फाउल करकरून बाद व्हायचात तेव्हा शेवटी कुठे यांना उठवायचे."

"वहिनी, मी..."

"अंत्यविधीच्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, आमच्या पाचांतला. मी काही बोलले नाही. तुम्ही इतके रडत होतात." तिने चष्मा काढून बाहीने पुसला. "हे ऐकत असते तर लाजेने घरी पळाले असते."

कोनात्सु हळूच म्हणाली, "म्हणजे ते खरंच सहावे होते."

"खरंच सहावे," मिझुए म्हणाली, आणि पुड्यातला तुकडा उचलून खाल्ला.

सामना सुरू झाला. चार हजार माणसं कागदी पंखे तळहातावर आपटत होती. हेरॉन्स मागे पडले, जवळ आले, पुन्हा मागे पडले. ओनोदेरा असा सामना कधी बसून बघायचा नाही. आज तो बसला होता, हात मांडीवर ठेवून, शाळेत ओरडा खाल्ल्यासारखा. चौथ्या भागात हेरॉन्सच्या एका गड्याचा पाचवा फाउल झाला. सभागृहाने पंचाला मनसोक्त शिव्या घातल्या. बाद झालेला खेळाडू बाहेर आला आणि बाकावरून एक बुटका बदली खेळाडू उठला. त्याने अंगातलं जाकीट काढलं, तळहातांनी बुटांचे तळ पुसले.

मिझुए पुढे झुकली.

खेळ पुढे सरकला, चेंडू दुसऱ्या टोकाला गेला, सगळ्या माना तिकडे वळल्या. मिझुएची वळली नाही. बाकावरच्या त्या रिकाम्या झालेल्या जागेकडे ती बघत राहिली.

"आजी, चेंडू तिकडे आहे," कोनात्सु म्हणाली.

"असू दे."

ओनोदेराने तिच्या नजरेच्या रेषेत पाहिलं. जाकीट जमिनीवर पडलं होतं. दुसऱ्या कोणीतरी ते उचलून घडी घातली.

"तुम्ही कारखान्याच्या जिममध्येसुद्धा अशाच बसायचात," तो म्हणाला. "स्टोव्हजवळच्या कोपऱ्यात. प्रत्येक सामन्याला. मला वाटायचं, थंडी वाजते म्हणून."

"थंडी कसली? धुराने डोळे चुरचुरायचे. पण तिथून बाक सरळ समोर दिसायचा."

तिथून बास्केटही दिसायची. बाकाच्या वरच होती. कर्णधार म्हणून ओनोदेराच्या पाठीवर चार नंबर असायचा, आणि त्या बास्केटमध्ये चेंडू टाकला की तो धावत मागे येताना स्टोव्हच्या कोपऱ्याकडे एकदा बघून घ्यायचा. त्याच्या पाठीमागे बाकावर टाळ्या पडत असायच्या, कोणीतरी उड्या मारत असायचं. वळून त्याने कधी पाहिलं नाही. कोपऱ्यात ती दर वेळी हसत असायची. ते हसू आपल्यासाठी, असं त्याने इतकी वर्षं धरलं होतं.

आजूबाजूची सगळी माणसं एकदम उठली. निळ्या पाठी, त्यावर आकडे, समोरचं काही दिसेना.

"काय झालं?" मिझुएने विचारलं. "कोण पुढे आहे?"

"माहीत नाही," ओनोदेरा म्हणाला.