ओली चकती

संशोधन करणाऱ्या भाचीला आत्या ‘शास्त्रीणबाई’ म्हणायची, निम्मं कौतुकाने आणि निम्मं टोमण्याने. गल्लीत कुणाच्या मुलाला जुलाब लागले की माणसं आत्याचं दार गाठायची. आत्या एका झाडाची साल उगाळून द्यायची आणि वर दटावायची, “साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजत राहा. उतार पडला नाही तर सरळ दवाखान्यात जा.” शास्त्रीणबाईंनी त्यातली साल तेवढी प्रयोगशाळेत नेली. साखर-मिठाच्या पाण्यावर कोण पेपर लिहितो?

तिने स्पिरिटमध्ये सालीचा अर्क काढला, कागदाच्या बारीक चकत्या त्यात बुडवल्या आणि जुलाबाचे जंतू पसरलेल्या बशीत मांडल्या. दुसऱ्या दिवशी अर्काच्या प्रत्येक चकतीभोवती स्वच्छ गोल, आत एक जंतू शिल्लक नाही! तिचे पाय जमिनीवर ठरेनात. तिने आत्याला फोटो पाठवला, खाली लिहिलं, ‘तुझी साल पास झाली.’ आत्याने तो मोठा करून भिंतीवर लावला.

महिन्याभराने प्रयोग पुन्हा केला, तर गोल गायब. तिसऱ्यांदाही तेच. मग तिच्या लक्षात आलं. पहिल्या वेळी घाईघाईत तिने चकत्या न वाळवताच मांडल्या होत्या. जंतू मेले होते ते ओल्या स्पिरिटने. तुलनेसाठी ठेवलेली नुसत्या स्पिरिटची चकती मात्र डब्यातली जुनी, खडखडीत वाळलेली. तिच्याभोवती काय डोंबल उमटणार होतं?

“पेपर छापायला गेलाय. आता उकरून काढू नका,” तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. त्यांचं काय जातंय म्हणायला! ती तडक आत्याकडे निघाली.

आत्या सालीची पुडी बांधत होती. समोर बसला होता पलीकडचा टेलर. त्याची धाकटी मुलगी आठवड्यापूर्वी जुलाबाने गेली, हे तिला तिथेच कळलं.

“पाणी पाजायला सांगितलं होतंस ना गं?” तिने आत्याला विचारलं.

“आता कशाला पाणी?” आत्याने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं. “तूच सिद्ध केलंस ना, साल पुरते म्हणून?”

“धाकटीला द्यायला आम्हालाच उशीर झाला,” टेलर म्हणाला. “काल रात्रीपासून मोठीला लागलेत. हिला वेळेवर देतो.”

“नका देऊ!” ती जवळजवळ ओरडलीच. “तो फोटो चुकलाय, माझ्या हातून चुकलाय. या सालीने जंतू मरत नाहीत. पोरीला पाणी पाजा आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. मी येते बरोबर.”

टेलर उठून उभा राहिला. रागावलाही नाही बिचारा.

“ताई, असं बोलू नका,” तो म्हणाला. “मग माझी धाकटी कशाने गेली?”

आत्याने पुडी पुढे केली नाही, मागेही घेतली नाही. टेलरनेच ती आत्याच्या हातातून काढून घेतली आणि घराकडे चालू लागला.