हर्षालीच्या कमरेचा ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, नाशिकच्या पंचवटीतला. बारकू नावाच्या कारागिराने मला मढवले आणि मी एका पथकात आलो. पुष्कळ मिरवणुका गाजवल्या. पण माझे खरे दिवस सुरू झाले ते हर्षाली आल्यावर. कॉलेजात शिकणारी सडपातळ पोर, मला कमरेला बांधून थकेपर्यंत वाजवायची. लोक रस्त्यात थांबून तिला बघायचे आणि माझा ऊर भरून यायचा.

गेल्या वर्षी ती मित्रमैत्रिणींबरोबर गंगापूर धरणाकडे पार्टीला गेली. तिथे कुणीतरी तिला ॲम्फेटामाइनची, म्हणजे अंगात तरतरी आणणारी नशेची, गोळी दिली. सरावाच्या वेळी तिने मैत्रिणीला, वेदिकाला सांगितले, "नुसती मजा गं. थकवा म्हणून येत नाही."

मग ती गोळ्या घेतच राहिली. तिची भूक मेली, झोप उडाली. वाजवताना दात करकर खायची. पथकातली मुले आपल्यालाच हसतात, असे तिला वाटू लागले. मला बांधायला ती वाकली की तिच्या छातीची धडधड मला जाणवायची. ती कुठल्याच तालात नसायची.

"हर्षू, डॉक्टरकडे जाऊ. मी काकूंशी बोलते," वेदिका म्हणाली.

"आईला सांगितलंस तर आपली मैत्री संपली."

मग वेदिकाने काकूंना सांगितलेच नाही.

मिरवणुकीच्या दिवशी ऊन रणरणत होते. हर्षाली गोळी घेऊनच आली. अंग भाजत होते, तरी पाणी प्यायला थांबली नाही. "डोकं फुटतंय," एवढेच म्हणाली आणि माझ्यावरच कोसळली. गोळ्यांमुळे रक्तदाब भलताच वाढला आणि मेंदूत रक्तस्राव झाला, असे डॉक्टरांनी सांगितले.

ती वाचली. पण उजवे अंग गेले, बोलणे अडखळू लागले. आता तिची आई, सिंधुबाई, तिला घास भरवते.

परवा वेदिका मला घेऊन त्यांच्या घरी गेली. हर्षालीने डाव्या हाताने माझ्यावर हलकी थाप मारली. उजवा हात मांडीवर तसाच पडून होता.

"दु... दुसरीला दे," ती म्हणाली.

वेदिका रडू लागली. "काकू, मला माहीत होतं."

सिंधुबाईंनी लेकीचे तोंड पदराने पुसले.

मित्रांनो, मजेखातर अशी गोळी कधी घेऊ नका. आणि कुणी घेत असेल तर त्याच्या घरी सांगा, रागावला तरी सांगा. हर्षालीचे काळीज कसे धडधडते हे मलाही कळत होते. पण मी ढोल. कुणी वाजवल्याशिवाय मला आवाज नाही. तुम्हाला आहे.